‘आधी धंदा मोठा होऊ दे, समाजाचं मग बघू’ : या युक्तिवादाची झाडाझडती

उद्योग-व्यवसायांनी समाजाला काहीतरी परत द्यावं, असा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, सूर तोच असतो. समाजकार्य मोठ्या कंपन्यांनी करावं, छोट्या व्यावसायिकाला ते परवडत नाही. तो कर भरतो, चार माणसांना काम देतो, तेवढं पुरे. जे करतात ते जाहिरातीसाठी करतात. नफा मालकाचा असतो, तो वाटत सुटणं म्हणजे धंदा नव्हे. आणि शेवटी, एवढ्याशा मदतीने असा काय फरक पडणार?

हा मजकूर पुढे पाठवणारे सगळे कंजूष नसतात. बऱ्याच जणांना तो मनापासून पटलेला असतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘परवडत नाही’ हा पहिला मुद्दा. देणं म्हणजे चेक फाडणं, असं यात गृहीतच धरलंय. पण कुठल्याही व्यवसायाकडे पैशाखेरीज बरंच काही असतं: रस्त्याला लागून असलेलं दार, स्वच्छतागृह, मोकळी भिंत, कामाची वेळ संपल्यावर रिकामी पडणारी खोली, परतीच्या फेरीला रिकामी येणारी गाडी, हिशेब किंवा कायदा कळणारा माणूस. यातल्या कितीतरी गोष्टींचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २०१५ साली ‘रिफिल’ नावाची मोहीम सुरू झाली. तिच्यात सहभागी झालेले दुकानदार आणि कॅफेवाले खिडकीवर एक स्टिकर लावतात. आत या, पाण्याची बाटली फुकट भरून घ्या, काही विकत घेतलंच पाहिजे असं नाही, एवढाच त्याचा अर्थ. नळ तर आधीपासून होताच. आत यायला संकोच वाटू नये, एवढं काम स्टिकरने केलं.

आता दाराकडेच बघा. दुकानाच्या किंवा ऑफिसच्या दाराशी एकच पायरी असते, फार तर १५ सेंटीमीटरची. चालत्या माणसाच्या ती लक्षातही येत नाही, पण व्हीलचेअरवरच्या माणसाला ती भिंतच. उताराचं सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. पुष्कळ ठिकाणी दारासमोर तेवढी जागाच नसते आणि विषय तिथेच सोडून दिला जातो. खरं तर तिथे घडीचा रॅम्प आत ठेवता येतो आणि बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर बाहेर घंटेचं बटण लावता येतं. घंटा वाजली की कोणीतरी रॅम्प घेऊन बाहेर यायचं आणि तो जरा उभा लागत असेल तर मागून आधार द्यायचा. ते ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे मात्र आधी ठरलेलं हवं, नाहीतर घंटा वाजत राहते आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. शिवाय कायमचा रॅम्प असेल तर त्यावर ‘सवलत’ असं लिहिलेला फलक किंवा माल उभा करून ठेवू नये. हे सांगावं लागतं, कारण असे रॅम्प जागोजागी दिसतात.

भिंतीचंही तसंच. हृदय अचानक बंद पडलं की शॉक देणारं यंत्र म्हणजे एईडी. छातीवर दाब देणं सुरू झालं नाही, तर शॉक मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. यंत्र महाग असतं, कबूल. पण ते तुम्हीच विकत घ्यायला हवं असं कुठे आहे? एखाद्या संस्थेने किंवा वस्तीने पैसे जमवून घेतलेल्या यंत्राला बाहेरच्या बाजूची भिंत आणि पेटीला लागत असेल तर विजेची जोडणी दिली, तरी खूप झालं. बाहेरचीच भिंत, कारण शटरच्या आत कुलपात ठेवलेलं यंत्र रात्री कोणाच्याच कामाचं नाही. यंत्राच्या बॅटरीला आणि छातीवर लावायच्या पॅडना मुदत असते. ती तपासायचं काम एका माणसाकडे नावानिशी असावं.

दुसरा मुद्दा ‘कर भरतो, रोजगार देतो’. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पगार वेळेवर देणारा, कर न चुकवणारा व्यावसायिक समाजासाठी काहीच करत नाही, असं म्हणणारा माणूस मला तरी पटत नाही. पण हा मुद्दा मांडणाऱ्यांना मी उलट विचारतो: तुमच्याकडे पुरवठादारांची बिलं किती दिवस पडून असतात? मोठा ग्राहक बिल अडवून ठेवतो, तेव्हा तो प्रत्यक्षात छोट्या पुरवठादाराकडून बिनव्याजी कर्ज घेत असतो. पुढे त्या पुरवठादाराच्या कामगारांचे पगार लांबतात. हे इतकं सगळीकडे चालतं की त्यासाठी कायदे करावे लागले. भारतात २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने व्यवसाया-व्यवसायांतल्या व्यवहारांसाठी साधारण ६० दिवसांची मर्यादा घातली, अपवाद ठेवून. ज्याला समाजासाठी काहीतरी करायचंय पण वेळ नाही, त्याने सगळ्यात छोट्या पुरवठादारांची बिलं सगळ्यात आधी काढावीत. याचा फोटो निघत नाही, हीच काय ती अडचण.

फोटोवरून तिसरा मुद्दा: ‘सगळी जाहिरातबाजी’. इथे आरोप करणाऱ्यांच्या हातात चांगले पुरावे आहेत. तंबाखू कंपनी फिलिप मॉरिसने १९९९ साली साडेसात कोटी डॉलर दानधर्मावर खर्च केले आणि त्या दानधर्माचा गाजावाजा करायला तब्बल १० कोटी डॉलर. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही. पण दुसरं उदाहरणही आहे. १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेसने कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे १ सेंट स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढला. १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही वाढला. कंपनीचा स्वार्थ होताच, तो कोणी लपवलाही नाही. पुतळ्याच्या दुरुस्तीचे पैसे म्हणून खोटे ठरतात का? माझ्या मते हेतू शोधत बसण्यापेक्षा दोन आकडे शेजारी मांडावेत, दिलेले आणि गाजवायला लागलेले. दुसरा मोठा निघाला तर खुशाल टीका करा.

चौथा मुद्दा ‘नफा मालकाचा’. तो मांडणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं नाव घेतात. नफा वाढवणं हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी, असं त्यांनी १९७० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकातल्या लेखात मांडलं. शीर्षक सगळ्यांना पाठ आहे, लेख वाचणारे कमी. त्यांचा आक्षेप मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या पगारी व्यवस्थापकांवर होता, कारण ते दुसऱ्याच्या पैशाने उदार होतात. व्यवसाय ज्याचा स्वतःचा आहे तो स्वतःचेच पैसे खर्च करतो, हा फरक त्यांनी त्याच लेखात केला आहे. म्हणजे छोट्या व्यावसायिकाने फ्रीडमनच्या आड लपण्यात काही अर्थ नाही. कंपन्यांच्या बाबतीतही अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ सालीच एक निकाल दिला होता. ए. पी. स्मिथ ही व्हॉल्व्ह आणि आगीच्या बंबांना पाणी पुरवणारे हायड्रंट बनवणारी कंपनी. तिने प्रिन्स्टन विद्यापीठाला १,५०० डॉलर दिले म्हणून काही भागधारकांनी आक्षेप घेतला. न्यायालयाने देणगी वैध ठरवली.

राहिला ‘एवढ्याशाने काय होणार’. खरं सांगायचं तर मला एवढ्याशा मदतीची काळजी वाटत नाही, भीती वाटते ती न विचारता केलेल्या ढीगभर मदतीची. १९८८ साली आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. त्यात नक्की काय काय आहे, एवढं कळायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. काही औषधांची मुदत पोचतानाच संपलेली होती, काही थंडीने खराब झाली आणि उरलेल्यातली बरीचशी कोणती आहेत तेच धड ओळखू येईना. पाठवणाऱ्यांनी मात्र गोदाम रिकामं केल्याचं समाधान मिळवलं.

गोदामातला न खपलेला माल, जुने संगणक, उरलेलं फर्निचर देण्याआधी म्हणूनच एक फोन करावा. तुम्हाला हे हवंय का, असं विचारू नये, कारण संकोचाने समोरचा माणूस हो म्हणतो. सध्या तुमचं काय अडलंय, ते विचारावं. बऱ्याचदा उत्तर अगदी किरकोळ असतं: वर्षाचा हिशेब लावून देणारं कोणी नाही, बैठकीला महिन्यातून एक संध्याकाळ जागा मिळत नाही, सामान एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवायला गाडी नाही. हिशेबनीस, खोली आणि गाडी तर बहुतेक व्यवसायांकडे आहेत. त्यांपैकी कोणाची कोणती वेळ देता येईल, तेवढं वेळापत्रकात बघून सांगावं, आणि जमणार नसेल तर तेही त्याच फोनवर सांगून टाकावं.