पहाटे पाचचं राहू द्या, संध्याकाळची कीर्द आधी मिटवा

नवीन वर्ष लागलं की फेसबुकवर एक लाट येतेच. पहाटे पाचला उठा, गार पाण्यानं अंघोळ करा, ध्यान, व्यायाम, डायरी, आणि एकवीस दिवस नेटानं केलं की सवय लागलीच म्हणून समजा. करणाऱ्यांनी खुशाल करावं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब सांभाळणारा दिवाणजी आहे. लोक संकल्प सोडत असतात तेव्हा आमच्याकडं नव्या हळदीची चाहूल लागलेली असते. मग सौदे, वजनं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), खरेदीदारांच्या मागं तगादा. रात्री घरी पोचावं तर कॉलरपासून नाकपुड्यांपर्यंत सगळं पिवळं. असल्या माणसाला पहाटे पाचला उठवलं तर मनःशांती कसली मिळते, आहे ती झोप जाते.

त्या एकवीस दिवसांचाही एकदा निकाल लावू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान एकवीस दिवस तरी लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातलं ‘निदान’ गळालं आणि एकवीस तेवढे उरले. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखरच अभ्यास केला. जेवताना पाणी पिणं, जेवणाआधी पळायला जाणं, असल्या साध्या सवयी. अंगवळणी पडायला लागलेला काळ मधल्या माणसाचा ६६ दिवस, आणि माणसामाणसात १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही. आपल्याकडं मात्र बाविसाव्या दिवशी जमलं नाही की माणूस स्वतःलाच ‘तुझ्यात दमच नाही’ म्हणून मोकळा होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नोकरी-धंद्याच्या माणसानं सवय लावायची तर सकाळी उठताना नको, काम संपताना लावावी.

आमच्या धंद्यात रोजकीर्द, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चाची वही, त्या त्या दिवशीच मिटवायची असते. जमा-नावे जुळवायचं, गल्ल्यातली रोकड मोजायची, शिल्लक काढायची आणि ती दुसऱ्या दिवशीच्या पानावर ओढायची. आता कॉम्प्युटर करतो हे, पण रीत तीच. आणि कीर्द मिटली म्हणजे येणं आलं असं थोडंच असतं! खरेदीदाराकडचं येणं तसंच असतं, एखाद्या पट्टीचा वाद तसाच असतो. फक्त कुठं काय अडकलंय ते कागदावर येतं, डोक्यात घोळत राहत नाही.

डोक्याचंही मी तसंच करतो. हमालांचे मुकादम, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो, शटरपाशी येऊन विचारतात, ‘काय ओ दिवाणजी, मिटली का वही?’ ते शटर ओढायच्या आत छोट्या वहीत चार ओळी. ‘तुंगच्या शेतकऱ्याची पट्टी, वजनाचा आकडा तपासणे, सकाळी पहिलं काम.’ खाली एखादी ओळ मनाची. ‘दुपारी फोनवर त्या व्यापाऱ्याचा आवाज चढला, चार माणसांत अपमान वाटला.’ नुसतं ‘टेन्शन आलं’ असं लिहून भागत नाही. राग आहे, भीती आहे का अपमान आहे, ते नाव घेऊन लिहायचं. भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावना चाळवणाऱ्या भागाची, खळबळ उतरते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या मेंदू-स्कॅनच्या प्रयोगात दिसलं होतं. मला तर सोपा फायदा दिसतो. दुकानातला अपमान दुकानातच राहतो, घरी जाऊन पोरावर निघत नाही.

अर्धवट काम मनाला धरून बसतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. उपाय मात्र काम रात्रीत संपवायचा नाही, ते कधी आणि कसं करायचं हे ठरवायचा. २०१८ मध्ये अमेरिकेत बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपायच्या आधी पाच मिनिटं लिहायला लावलं. निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी करायची. करायची लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्याची यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. नऊ मिनिटं म्हणजे काही चमत्कार नाही. पण हळदीच्या सीझनला नऊ मिनिटंसुद्धा कोण देतं हो फुकट?

आणि ही सवय टिकते ती मनाच्या निग्रहावर नव्हे, शटरवर. शटर ओढायचं म्हटलं की वही आठवते. म्हणूनच जागा गेली की सवयही जाते. २०१९च्या ऑगस्टात सांगलीत महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या दिवसांत कुणाला चार ओळी सुचणार होत्या! पाणी उतरल्यावर चिखल काढून झाला, दुकान उघडलं, शटर परत खाली यायला लागलं, मग वहीही आली.

आता थोडं कडू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था अशी. त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित गोष्ट म्हटलंय. म्हणजे तीन माणसांचं काम एकाला द्यायचं, रात्री अकराला ग्रुपवर ‘अर्जंट’ टाकायचं, आणि वर्षातून एकदा हॉलमध्ये बसवून दीर्घ श्वास घ्यायला लावायचा, ही पद्धत मला पटत नाही. वहीतल्या चार ओळींनी पगार वाढत नाही आणि कामाचा बोजाही हलत नाही. त्याचं बोलणं मालकाशीच करायला लागतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, अशी वेळ आली तर वही-बिही ठेवा बाजूला आणि १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कुपवाड एमआयडीसीत दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्यांना, उसाच्या गळितात साखर कारखान्यावर रात्र काढणाऱ्यांना, बँकेत कॅश जुळेपर्यंत बसणाऱ्यांना मला एकच विचारायचंय. कामाची शेवटची पाच मिनिटं तुमच्याकडं कुणाच्या ताब्यात असतात? शिफ्टवाल्यांचं खास सांगा, कारण त्यांना रोजची ठरलेली वेळच नसते आणि तिथं हे कशाला बांधायचं ते मला अजून उमगलेलं नाही.