दारातले पोलीस आणि "लपवायला काय आहे?"

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एकच विषय चाललाय. पुण्यात दादाच्या सोसायटीत रात्री साडेदहाला तीन पोलीस आले, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पोरांना दार उघडायला लावलं, कपाटं उचकली, काही सापडलं नाही, निघून गेले. कागद नाही, पंच नाहीत. आणि सगळ्यांचं म्हणणं काय तर "लपवायला काही नसेल तर दार उघडायला काय जातंय?" मी विरोधात लिहिलं तर दादा म्हणतो, तू तिकडे न्यू जर्सीत बसून बोलू नकोस.

का नको बोलू? लपवायला माझ्याकडेही काही नाही, म्हणून माझ्या कपाटातल्या साड्यांच्या घड्या कुणीही येऊन विस्कटायच्या का?

इथे अमेरिकेत 1957 साली क्लीव्हलँडमध्ये डॉलरी मॅप नावाच्या बाईने वकिलाला फोन लावला आणि पोलिसांना सांगितलं, वॉरंट आणा. काही तासांनी ते जबरदस्तीने आत घुसले, वॉरंट म्हणून एक कागद नाचवला, तो तिने हिसकावून घेतला. खटल्यात ते वॉरंट कधी समोर आलंच नाही, आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या कोर्टातही चालणार नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या 1974 च्या पूरणमल निकालात नेमकं उलट, झडती बेकायदा असली तरी सापडलेलं पुरावा म्हणून चालतं. मग हवालदार कागदाची फिकीर कशाला करेल, सांगा ना!

पण आपल्याकडे नियमच नाहीत असंही नाही हां. पोलिसांना तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची असेल तर अधिकाऱ्याने आधी कारण लिहून ठेवायचं, परिसरातले दोन पंच बोलवायचे, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत व्हिडिओ शूटिंगही करायचं. आणि शेजाऱ्यांना पंच म्हणून उभं करणं हे तर इथे मी कधी ऐकलंही नाही. साताऱ्याला एकदा काकाला शोधत पोलीस आले होते तेव्हा आजी पदर खोचून उंबऱ्यातच उभी राहिली, म्हणाली, "आधी समोरच्या गुरुजींना बोलवा, मग आत पाय टाका." तिला कुठलं कलम ठाऊक असणार? पण गुरुजी येईपर्यंत दोघं हवालदार अंगणात थांबले.

आणि मी? गेल्या हिवाळ्यात धाकट्याने फोनशी खेळताना 911, म्हणजे इथला पोलिसांना बोलवायचा इमर्जन्सी नंबर, लावला. दोन पोलीस दारात, बाहेर बर्फ. "आत येऊ का?" असं विचारलं त्यांनी, आणि मुलगा समोर हसत उभा होता, त्यामुळे दारातच बोलून पाठवता आलं असतं. पण त्यांचं वाक्य संपायच्या आत मी बाजूला झाले. ग्रीन कार्ड अजून लाइनीत आहे, कुठेतरी आपलं नाव लिहिलं जाईल एवढंच डोक्यात. तेरा वर्षं टॅक्स भरतेय, घराचे हप्ते भरतेय, पण त्या क्षणी ते घर माझं वाटलंच नाही, वरच्या मजल्यावरच्या त्या पोरांसारखीच मी भाडेकरू. आजी तिच्या उंबऱ्यात उभी होती, मी कुणाच्या?

त्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या, बुटांसकट देवासमोरूनही गेले, आणि "शूज" एवढा शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. कार्पेटवर, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग पडले, ते रात्री व्हिनेगर लावून पुसले. दादाला यातलं काहीच सांगितलेलं नाही.