दुकानमालकाचं उत्तर : ‘बेसूर गिटार गळ्यात मारली’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. साताऱ्याहून एसटीने आलात आणि दुकान बंद दिसलं, दीड तास उन्हात थांबावं लागलं, हे खरं आहे. सांगलीत दीड ते साडेचार बऱ्याच जणांची दुकानं बंद असतात, माझंही असतं. पण बाहेरगावच्या माणसाला हे कसं कळणार? पाटी लावायला हवी होती. लावतो.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय : एक, गिटार बेसूर. दोन, अँपला जोरात लावली की किंचाळते. तीन, ‘बहुतेक पुरात भिजलेला माल असावा.’ चार, एवढ्या पैशात ऑनलाइन नवी तीन येतात.

चौथ्याचं आधी उरकतो. सात-आठ हजारात नवी येते ती सपाट तबलीची, म्हणजे सपाट वरच्या फळीची, साधी अकूस्टिक. तुम्ही नेलेली आयबानेझ या जपानी कंपनीची, वापरलेली आर्टकोअर एएफ-७५ आहे. कमानदार तबली, दोन्ही बाजूंना एफच्या आकाराची भोकं, आतून पूर्ण पोकळ, वर दोन हंबकर पिकअप (तारांचं कंपन अँपकडे पाठवतात ते). अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९४९ साली ईएस-१७५ काढली, जॅझ गिटारवादक जो पास जिच्यावर वाजवायचे ती, त्या घराण्यातली ही गरिबाची गिटार. ती मूळ गिब्सन घ्यायची तर आज लाखांत बोलावं लागतं. आयबानेझने २००२ पासून ही आर्टकोअर मालिका चीनमध्ये बनवून घेतली, म्हणून आपल्यासारख्यांच्या हाताला हा आवाज लागला. सत्तावीस हजार सांगितले होते, साडेचोवीसला दिली, वर बॅगही तुम्ही तशीच मागून घेतलीत. असो.

पुराचं वाचून मात्र वाईट वाटलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी माझ्या दुकानात छातीपर्यंत होतं. त्यात काय गेलं ते मी मोजलंय, तुम्ही नाही. ही गिटार माझ्याकडे आली २०२२ मध्ये, पुण्याच्या एका वादकाकडून. भिजलेली लॅमिनेटेड, म्हणजे थर चिकटवून केलेली, तबली लपत नाही हो. कडेला थर सुटतात, कडेची पट्टी (बाइंडिंग) उचकटते, आवाजाच्या बटणांखालच्या पॉटवर हिरवट जंग चढतो. तुमच्यासमोर मी एफच्या भोकातून मोबाइलची बॅटरी मारून आतले ब्रेस, म्हणजे तबलीला आधार देणाऱ्या पट्ट्या, दाखवले होते, मानेच्या सांध्यापाशी तडा नाही हेही दाखवलं होतं. तुम्ही त्या वेळी फोनवर बोलत होतात.

आता ‘बेसूर’. बाकी काहीही लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

माझे वडील मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात जवारी लावायचे. म्हणजे तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत कानस. एका तंबोऱ्याला कधी अख्खी सकाळ जायची. ज्या गावात हे चालतं तिथून दहा किलोमीटरवर बसून मी बेसूर वाद्य विकतो, असं चारचौघांत लिहिलंत. म्हणून हे जरा लांबणार आहे.

या गिटारची घोडी चिकटवलेली नसते. खाली लाकडी पाया, वर धातूचा ब्रिज, आणि हे सगळं तबलीवर फक्त तारांच्या दाबाने उभं असतं. शेवटाला टेलपीस असते, ती तारा धरते. घोडी नुसती टेकलेली. तारा सैल सोडल्या की ती सरकते, सगळ्या काढल्या की पडते. ती कुठे उभी आहे त्यावर सगळा सूर. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तार यांत बरोबर एक सप्तक पाहिजे. घोडी दोन-तीन मिलिमीटर मानेकडे सरकली की मोकळी तार सुरात लागते, पण वर गेलात की प्रत्येक स्वर चढा. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर दाखवते आणि कॉर्ड मात्र कानाला बोचते. तुम्ही अगदी हेच वर्णन केलंय.

मी तुम्हाला गिटार दिली तेव्हा त्यावर १२च्या जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, तारा होत्या, नव्या, मी स्वतः चढवलेल्या. तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. साध्या तारांच्या दुपटीहून महाग पडतो तो संच. आणि दोनदा सांगितलं होतं : तार बदलायची झाली तर एकेक बदला, सगळ्या एकदम काढू नका.

नवव्या दिवशी तुम्ही व्हॉट्सअपवर फोटो पाठवलात. तो अजून माझ्याकडे आहे. (तुमचं नाव-नंबर इथे टाकणार नाही, काळजी नसावी.) त्यात फ्लॅटवाउंड गायब, ९च्या बारीक तारा, आणि घोडी उलटी! खर्जाची बाजू खाली, बारीक तारेची वर. त्या ब्रिजवर प्रत्येक तारेचं खोगीर, म्हणजे तार टेकते तो छोटा तुकडा, वेगळ्या जागी लावलेलं असतं. उलटं बसवलं की जाड तारेला बारकीची जागा मिळते आणि बारकीला जाडीची. मग ती कशी लागणार सुरात? शिवाय ९च्या तारांचा दाब इतका कमी की तुम्ही तार खेचलीत की घोडीही थोडी सरकत असणार. तार खेचून वाजवायचं असेल तर सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार घ्या, हे मी त्याच दिवशी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘नाही, लुक हाच पाहिजे.’

किंचाळण्याचंही तेच. पोकळ पेटी आहे. अँपचा आवाज तबलीला हलवतो, तबली तारांना, तारा पुन्हा पिकअपला, आणि हे चक्र थांबत नाही. अँपकडे तोंड करून बसू नका, बेस कमी करा, एफच्या भोकांत स्पंजचा तुकडा घाला. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) पूर्ण उघडून ही गिटार वाजत नाही. अंगठ्याने, हळू, रात्री घरात कमी आवाजात वाजवून बघा. पुण्याच्या त्या वादकाने मला दिली तेव्हा त्याचं मन निघत नव्हतं.

माझीही एक चूक आहे, ती लपवत नाही. घोडीच्या पायाशी दोन्ही बाजूंना कागदी टेपचे तुकडे लावून द्यायचा माझा रिवाज आहे, म्हणजे सरकली तरी जागा कळते. त्या दिवशी दुकानात कॉलेजची पोरं होती, गडबडीत राहिलं. टेप असती तर निदान जागा सापडली असती. उलटी तरी बसलीच असती म्हणा.

तुमचा फोन रात्री अकराला आला, तेव्हा मी झोपलो होतो. सकाळपासून मी तीनदा केला, तुम्ही उचलला नाहीत. मेसेज टाकला की घेऊन या, एक पैसा न घेता बसवून देतो. त्यावर दोन निळ्या टिका आल्या, आणि पंधरा दिवसांनी हा रिव्ह्यू. कराडचे एक गृहस्थ गिटार बघायला येणार होते, त्यांनी हे वाचून ‘नंतर बघू’ म्हटलं. माझ्या दुकानाला सगळे मिळून एकतीस रिव्ह्यू आहेत, सर. मोठ्या शहरातल्या शोरूमला दोन स्टारने काही होत नाही. मला होतं.

यापुढे प्रत्येक गिटारबरोबर छापील कागद द्यायचा विचार आहे, तारा कशा बदलायच्या वगैरे. वेळेच्या पाटीचंही बघतो.

माझी ऑफर अजून तशीच आहे. गिटार घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे. चहा माझ्याकडे. जुन्या फ्लॅटवाउंड फेकल्या नसतील तर त्याही आणा, त्याच परत चढवतो. बसची सोय नसेल तर तसं कळवा, घोडी कुठे ठेवायची ते मी व्हिडिओ कॉलवर दाखवतो, बाराव्या पडद्यावर तुम्ही वाजवा, मी इकडून ऐकतो.

फक्त याल तेव्हा साडेचारनंतर या.