किती फुटी?

पेणचं आमचं जुनं घर चुलतभावाने भाड्याने दिलंय, गणपतीच्या कारखान्याला. आजोबांचाही कारखाना तिथेच होता: पडवीत गणपती, माजघरात गणपती, आणि उरलेल्या जागेत आम्ही. तेव्हा तक्रारीला खरं तर जागा नाही. तरी आहे.

ओटीवर टेबल टाकून एक गृहस्थ मोबाइलवर रमी खेळत होते.

"दगडूशेठ का लालबाग?" मान वर न करता प्रश्न.

"मला जरा घर बघायचंय."

"घर विकायचं नाय."

"विकत नकोय हो. मी इथे लहानाचा मोठा झालोय."

आता त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "किती फुटी?"

"कोण, मी?"

"गणपती हो! सहाच्या आत पीओपी घेतलात तर कृत्रिम तलावात बुडवायचा. कोर्टाचा नियम आहे, २०२५ चा. मागाहून आमच्याशी भांडायचं नाय."

म्हटलं, माझे आजोबा इथे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. त्या डोळ्यांसाठी लांबून लोक त्यांच्याकडे यायचे.

"आमचा आखणीवाला जोहे गावचा. जेवायला गेलाय."

"आजोबा वारले."

"मग आमचाच चांगला ना!"

यावर काय बोलणार? मी आत घुसलो. पडवीत एक भिंत होती. रंग बदलताना आजोबा ब्रश तिच्यावर पुसायचे. वर्षानुवर्षं पुसून तिच्यावर खरबरीत पोपडा धरला होता. नखाने टवका काढला की पितांबराचा पिवळा, खाली शेल्याचा राणी, त्याखाली उंदराचा करडा. टवका काढल्याबद्दल मी मारही खाल्लाय.

आता तिथे गुळगुळीत ऑफ-व्हाइट. वर फ्लेक्स: 'मूर्तींना हात लावू नये.'

"लय घाण होती," मागून गृहस्थ. "दोन पोरं लावून एका दिवसात खरवडली. पुट्टी मारली."

एका दिवसात! ज्या मुंबई-गोवा रस्त्याने मी हाडं खिळखिळी करत आलो, त्याचं पनवेल-इंदापूरचं काम २०११ पासून चाललंय. तिथे डांबराचा एक थर धड पावसाळाभर टिकत नाही, आणि आमचे सगळे थर संध्याकाळपर्यंत घमेल्यात. ही दोन पोरं सरकारने का नेली नाहीत?

निघताना गृहस्थांनी पोह्याचे पापड गळ्यात मारले. बायको करते म्हणे. वर, गाडी कारखान्यासमोर लावल्याचे पन्नास रुपये. ते आमचं अंगण आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "मग काय झालं," म्हणाले.

गाडीतूनच चुलतभावाला फोन लावला.

"भाडं पाच तारखेच्या आत देतो तो," भाऊ म्हणाला. "तुझ्या भिंतीने कधी दिलं?"

वाटणीच्या कागदावर माझी सही घेताना हाच म्हणाला होता, "काळजी करू नकोस, घर आहे तसंच ठेवू."