ओंटारियोतली अट आणि जळगावचा दाखला

महाराष्ट्रात स्थानिकांच्या नोकऱ्यांचा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. डिसेंबर 2019 मध्ये राज्यपालांच्या अभिभाषणात खासगी नोकऱ्यांतील 80 टक्के जागा भूमिपुत्रांसाठी राखणारा कायदा करण्याची घोषणा झाली, तेव्हा जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या परप्रांतीयांना अडवले तर आपल्या मुलांचे भले होईल, असे गावाकडच्या मित्रांनी जे लिहिले, ते मी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात बसून वाचत होतो. येथे परप्रांतीय मीच होतो, त्यामुळे टाळ्या वाजवणे जरा अवघड गेले.

ओंटारियोत अशी टक्केवारी कधी नव्हती. उमेदवाराने आधी कॅनडात काम केलेले असावे, ही कॅनडातल्या अनुभवाची अट ते काम मुकाट्याने करत असे. प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्येच ही अट सकृद्दर्शनी भेदभाव करणारी असल्याचे म्हटले होते. पुढे 2021 च्या कायद्याने व्यवसायाचा परवाना देणाऱ्या संस्थांना ती लावण्यास मनाई केली आणि मे 2023 मध्ये ‘प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारियो’ या संस्थेने अभियंत्याच्या परवान्यासाठी लागणारी कॅनडातल्या एका वर्षाच्या अनुभवाची अट काढून टाकली. जानेवारी 2026 पासून 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना नोकरीच्या जाहिरातीतही ती घालता येत नाही. गावाकडच्या वादाला मी यातून एवढेच उत्तर देईन की, परक्यांना अडवून आपल्यांचे भले होते हे गृहीतक या प्रांताने अनेक वर्षे वापरून पाहिले. त्यातून टॅक्सी चालवणारे अभियंते निर्माण झाले आणि कुशल माणसे मिळत नाहीत ही कारखानदारांची ओरड मात्र तशीच राहिली.

तरीही कायदा जाहिरातीतली ओळ खोडू शकतो, मुलाखत घेणाऱ्याच्या मनातली शंका खोडू शकत नाही, आणि नव्याने आलेल्यांना खरी मदत लागते ती येथे. येथल्या आपल्या मराठी मंडळांचे मेळावे मी पुष्कळ पाहिले. भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या पंगतीत खानदेशातली झाडून सारी मंडळी भेटतात, परंतु शेजारी जेवणारा मुलगा सध्या गोदामात खोकी उचलतो आहे, हे विचारण्याचे धाडस कोणी करत नाही आणि सांगण्याचे तो करत नाही. बायोडाटा कसा लिहावा यावरची व्याख्याने त्याला फारशी उपयोगी पडत नाहीत. त्याच्याच क्षेत्रात येथे काम करणाऱ्या माणसाने तासभर बसून त्याचे काम समजून घेणे उपयोगी पडते.

जळगावच्या पाइप कारखान्यात गुणवत्ता तपासणी सांभाळलेल्या एका अभियंत्याचे उदाहरण देतो. त्याच्या अर्जात आयएस 4985 या भारतीय मानकाचा उल्लेख होता, आणि तो वाचून येथल्या व्यवस्थापकाला काहीच बोध होत नव्हता. पीव्हीसी पाइपांना कॅनडात सीएसए बी137.3 हे मानक लागते. आम्ही दोन्ही मानके शेजारी ठेवली, तेव्हा भिंतीची जाडी मोजणे, पाण्याच्या दाबाखाली पाइप किती काळ टिकतो ते पाहणे, आघाताची चाचणी घेणे, ही सारी कामे त्याने नोकरीत रोज केलेली निघाली. मर्यादा आणि तक्ते तेवढे वेगळे होते. पुढच्या अर्जात त्याने मानकांचे क्रमांक मागे ठेवले, आधी चाचण्या लिहिल्या, आणि मुलाखतीत संभाषण पाइपांवर आले. परवाना मिळेपर्यंत थांबण्याचीही त्याला गरज नव्हती, कारण परवानाधारक अभियंत्याच्या देखरेखीखाली काम करता येते. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्यांनी तर नाहीच.

परवान्याची वेळ येते तेव्हा मात्र चेंडू पुन्हा खानदेशात जातो. 48 महिन्यांचा अनुभव आता 34 क्षमतांच्या कसोटीवर तपासला जातो, आणि अर्जदाराने कोणत्या अडचणीत कोणता निर्णय घेतला याला ते काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांनी दुजोरा द्यावा लागतो. आपल्याकडचा अनुभवाचा दाखला असतो चार ओळींचा: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. नोकरी सोडून परदेशी गेलेल्याच्या ईमेलला जुने साहेब उत्तर देत नाहीत, यामागे थोडा राग असतो आणि बराच आळस असतो. रागाचे मला समजते. ज्याला शिकवून तयार केले तो निघून गेला, ही तक्रार खोटी नाही.

महाविद्यालयांचा प्रश्न त्याहून खोल आहे. अभियांत्रिकीच्या पदव्यांना एकमेकांच्या देशांत मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये कायम सदस्य झाला, परंतु त्या कराराची मान्यता नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन या अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या भारतीय संस्थेने पहिल्या श्रेणीत मानांकित केलेल्या अभ्यासक्रमांपुरतीच आहे. स्वायत्त नसलेली, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये दुसऱ्या श्रेणीत येतात, आणि खानदेशातल्या बहुसंख्य मुलांची पदवी अशाच महाविद्यालयांची असते. प्रवेशाच्या वेळी पालक वसतिगृह पाहतात, प्लेसमेंटचे फलक पाहतात. ही श्रेणी विचारणारा पालक मला अजून भेटलेला नाही. येत्या जूनमध्ये ज्यांच्या घरी प्रवेशाची धावपळ असेल, त्यांनी प्राचार्यांना एवढा एक प्रश्न जरूर विचारावा, मुलाला परदेशी जायचे नसले तरीही.