दादा, रॉड बदलू नका, आधी स्पूल बघा

दादा, माझ्या मासेमारीच्या लेखावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. 'तुमचं ऐकून ९ फुटी रॉड घेतला, पैसे गेले, ल्युर (नकली आमिष) अजून पंचवीस मीटरच्या पुढं जाईना, खांदा मात्र धरला, असलं लिहून लोकांना खर्चात पाडू नका' असं तुम्ही लिहिलंय. राग बरोबर आहे. मागच्या लेखात मी रॉडच्या लांबीवर पानभर लिहिलं आणि स्पूलबद्दल (रीलवर लाइन, म्हणजे दोरा, गुंडाळायची रिळी) एक ओळ, ती चूक माझी.

पण तुम्हीच खाली लिहिलंय, रॉडवर २०-६० ग्रॅम (म्हणजे तेवढ्या वजनाचा ल्युर फेकायला) छापलंय आणि तुम्ही मरळसाठी ८ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्युर) टाकताय. खरी गोम इथंच आहे. रॉड मागं वाकतो आणि सरळ होताना ल्युर फेकतो, सगळा जोर त्या वाकण्यात. ८ ग्रॅमनं तो रॉड वाकतच नाही, मग तुम्ही खांद्यानं फेकता आणि खांदा दुखणारच की. त्याला ३०-४० ग्रॅम लावून बघा, नायतर ८ ग्रॅमच टाकायचं असेल तर ५-१५ छापलेला सात फुटी रॉड कुणाकडून तरी मागून आणून टाकून बघा, विकत नको.

दुसरं, स्पूल. रील समोरून डोळ्याजवळ धरून बघा, लाइन आणि स्पूलची कड यात किती अंतर दिसतंय? दीड-दोन मिलिमीटर असेल तर ठीक. बोटभर खोल असेल तर प्रत्येक वेढा त्या कडेवर घासत बाहेर पडतो आणि लाइन जसजशी कमी होते तसतसं घासणं वाढत जातं, म्हणजे सुरुवातीला सुसाट आणि नंतर हवेतच कुणीतरी मागं ओढल्यागत. खाली जुनी स्वस्त लाइन भरा, वर चांगली, म्हणजे खर्च पण वाचतो. मात्र कडेपर्यंत ठासून भरू नका, मग वेढे एकदम सुटतात आणि पहिल्या गाइडवर (रॉडवरच्या लाइन ओवायच्या कडीवर) गुंता होऊन बसतो.

रीलबरोबर आलेली ०.४० मिलिमीटरची मोनो (एकाच नायलॉन तंतूची लाइन) तुम्ही तशीच ठेवलीय असं वाटतंय. ती स्प्रिंगसारखी गोल गोल निघते ना? रात्रभर स्पूल पाण्यात भिजवून ठेवा, बरीच मऊ पडते. जमलं तर ०.२० ची ब्रेडेड (बारीक धागे विणलेली), तेवढीच ताकद आणि जाडी निम्मी, पण बोटाला पट्टी लावा, कापते.

आणि लाइन सोडायची वेळ. रॉडच्या टोकापासून ल्युर दीड-दोन फूट लोंबता ठेवा, टोकाला चिकटवून नको. उजवा हात पुढं ढकलतो, डावा हात रॉडची खालची मूठ पोटाकडं ओढतो, जोर या डाव्या हातातला असतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पंचगंगेच्या काठावर वर्षभर नुसता उजवा हात झिजवला तेव्हा कळलं. ल्युर आभाळात गेला तर लाइन धरलेलं बोट लवकर सुटलं, समोरच पाण्यात आपटला तर उशिरा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडं नदीकाठी उसाच्या मोटरींच्या वायरी खाली लोंबतात, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. मागं फिरवायच्या आधी वर बघा, दर वेळेला.

सरावाला पाणी लागत नाही. पहाटे तपोवन मैदानावर कुणी नसताना गळ काढून नुसतं शिसं बांधा, दहा कास्ट, म्हणजे दहा वेळा फेकायचं, अर्ध्या जोरानं. परत ओढताना हँडलचे फेरे मोजा. एका फेऱ्याला लाइन किती येते ते टेपनं एकदा बघून ठेवा, ७० सेंटिमीटर येत असेल तर ४० फेरे म्हणजे २८ मीटर. स्पूल भरायच्या आधीचे फेरे आणि नंतरचे फेरे दोन्ही इथंच लिहा दादा, फरक पडला नाही तर रॉडचा आणि स्पूलचा फोटो टाका, मी परत बघतो.