ओ गोशी, गुडघ्यात वाका!

‘ओ-गोशी’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की समोरच्या बिल्डिंगमधल्या जोशींना कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ही ज्युदोतली एक फेक, समोरच्याला कमरेवरून उलथवायची. ‘ओ’ म्हणजे मोठी आणि ‘गोशी’ म्हणजे कंबर. मूळ शब्द ‘कोशी’, पण आधी ‘ओ’ आला की ‘क’चा ‘ग’ होतो. आपल्याकडे ‘वाक्’ला ‘ईश’ भेटला की ‘वागीश’ होतो, त्याच्या जवळपासचा प्रकार. वाकण्याशी या फेकीचं नातं असं नावापासूनच आहे, आणि आम्हां मंडळींचं फिसकटतं तेही वाकण्यातच.

जिगोरो कानोंनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात १२ तातामींवर, म्हणजे जपानी गवती चटयांवर, ज्युदो सुरू केला. पुढे शिकवण्याच्या सोयीसाठी फेकींचे पाच गट पाडले गेले. ओ-गोशी पहिल्याच गटात येते. पहिल्या इयत्तेतला धडा म्हणजे सोपा असणार, या हिशेबाने माणूस डिसेंबरात सकाळी साडेसहाला गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये अनवाणी उभा राहतो. नाशिकची ती थंडी, त्यात मॅट म्हणजे फ्रीजमधून काढलेली फरशी. मोजे घालायची सोय नाही.

बरं, आल्या आल्या फेकायला मिळत नाही. आधी पडायला शिकायचं. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर, तळवा पालथा, आणि अख्खा हात एकदम मॅटवर आपटायचा. पावसाळ्यात स्कूटरवरून घसरण्याचा नाशिककरांना सराव असतो, पण तिथे आपण हात टेकून वाचायला बघतो. इथे नेमकं तेच करायचं नाही. सगळं वजन एका मनगटावर, नाहीतर कोपरावर येतं आणि तिथून खांद्यापर्यंत कळ जाते.

मग फेक. फेकणारा तो तोरी, फेकला जाणारा उके. उजव्या बाजूने करायची तर डाव्या हातात त्याची उजवी बाही, उजव्या हातात त्याची कॉलर. आधी त्याचा तोल पुढे काढायचा. डावा हात वर आणि पुढे, मनगटावरचं घड्याळ बघितल्यासारखा. बसची वाट पाहणाऱ्याला ही हालचाल वेगळी शिकवावी लागत नाही. उकेच्या टाचा उचलल्या गेल्या नाहीत, तर पुढचं सगळं व्यर्थ.

टाचा उचलल्या की आपलं उजवं पाऊल त्याच्या उजव्या पावलासमोर, थोडं आतल्या अंगाला. त्याच वेळी उजवा हात कॉलर सोडून त्याच्या डाव्या काखेखालून मागे, तळवा कमरेवर सपाट. उजव्या चवड्यावर गर्रकन फिरायचं आणि डावं पाऊल मागून आणून त्याच्या डाव्या पावलासमोर ठेवायचं. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला, मोटरसायकलवर डबलसीट बसल्यासारखी. बाहीची ओढ या सगळ्यात क्षणभरही सैल पडता कामा नये. पायांचा हिशेब करताना ती हमखास सुटते आणि उके टाचांवर परत जाऊन निवांत उभा राहतो.

खरी परीक्षा इथून पुढे, आणि ती संस्कारांची आहे. आपला पार्श्वभाग ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या पोटाला घट्ट चिकटवायचा, हे मराठी मध्यमवर्गीय माणसाला जमतच नाही. तो फिरतो, वळतो, सगळं करतो, पण मध्ये चार बोटांची फट ठेवतो. त्या फटीत ओ-गोशी मरते. पोट आणि कंबर यांच्यात हवा शिरली, की उचलायचं वजन हातांवर येतं आणि हात काही तेवढे बळकट नसतात.

दुसरं पाप म्हणजे कमरेत वाकणं. आपला बेल्ट उकेच्या बेल्टच्या खाली गेला पाहिजे आणि तो गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. पंचवटीच्या बाजार समितीत हमाल कांद्याची गोणी पाठीवर घेतो ते एकदा बारकाईने बघावं. तो गोणीला पाठ लावतो, गुडघ्यात बसतो, गोणी अंगाला चिकटली की पायांच्या जोरावर उठतो. हातांनी फक्त धरतो. ओ-गोशीचा दोन तृतीयांश भाग हाच. म्हणूनच उंच उके परवडतो. बुटका मिळाला तर त्याच्याही खाली जायचं म्हणजे उठाबशाच.

एक मात्र आहे. तुम्ही काहीही चुकलात तरी जपानी लोकांनी त्याला नाव ठेवलेलं असतं. हात कमरेऐवजी मानेभोवती गेला, ती कोशी-गुरुमा. तळवा सपाट न ठेवता बेल्ट धरला, ती त्सुरी-गोशी. उके पुरता कमरेवर आलाच नाही, नुसता बाजूने फिरला, तर उकी-गोशी म्हणून सांगता येतं. ती तर खुद्द कानोंची आवडती होती. अर्थात आमचे सर असल्या सबबींना भुलत नाहीत. “दहा उचिकोमी,” एवढंच म्हणतात. म्हणजे फेकायचं नाही, फक्त आत शिरायचं आणि बाहेर यायचं, दहा वेळा.

उके कसा मिळतो यावरही बरंच असतं. एक जात मांडवातल्या जावयासारखी ताठ. दुसरी त्याहून वाईट: हात लागताच स्वतःच उडी मारून पडणारी. तिच्यामुळे आपल्याला फेक आली असा भ्रम महिनाभर टिकतो.

पण कधीतरी फट मिटते. त्याचं पोट पाठीच्या खालच्या भागाला टेकतं, गुडघे सरळ होतात, डावा हात बाही कमरेकडे ओढतो, मान डावीकडे वळते आणि ७० किलोंचा माणूस रिकाम्या पिशवीसारखा कमरेवरून पलीकडे जातो. तेवढ्या आनंदातही बाही सोडायची नाही, शेवटी किंचित वर खेचायची, म्हणजे तो कुशीवर नीट पडतो. धप्प! तो उठतो, जॅकेट खाली ओढतो, बेल्टची गाठ नव्याने मारतो.

“चला काका, आता माझी पाळी.”

हनुवटी छातीला. नजर गाठीवर.